काट्यावर चढलेला बैल

खर्डा, ता. जामखेड
वैशाख शुद्ध दशमी

चि. बायडीस,


तुझी आई फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणाली. ती असं म्हणाली की काहीतरी बिनसलेलं असतं, हे मला तिच्या लग्नापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करून ठेवून देतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

वरच्या आळीतला टेम्पोवाला परवा पुण्याला कांदा टाकून आला. पारावर बसून सांगत होता की हडपसरजवळच्या एका वजनकाट्यावर त्यानं तुला पाहिलं. सोबत छोटा हत्ती, त्यात लोखंड भरलेलं आणि त्या ढिगातून बैलाचं एक शिंग वर आलेलं. गाडी काट्यावर चढली, तू पावती घेतलीस. त्यानं पाहिलं ते एवढंच. पण पारावरून माझ्या दारापर्यंत येताना बातमी पार वाढली. तू स्टुडिओ बंद केलास, गॅलरीच्या चाव्या मालकाच्या हातावर ठेवल्यास, सगळी कामं किलोवर फुंकलीस आणि आता खर्ड्याला येऊन किल्ल्यापाशी दुकान मांडणार, असं सगळं मला दळण आणायला गेल्यावर गिरणीत ऐकावं लागलं.

बाकीचं राहू दे. बैल विकलास का, तेवढं सांग.

तो बैल कशाचा आहे हे तुला मी सांगायला नको. दोन उन्हाळे तू आणि मी गावभर हिंडलो. कुणाच्या गोठ्यामागं पडलेली कुळवाची पास, कुणाच्या उकिरड्यातली गाडीची धाव, पाभरीचे फण, मोडक्या मोटेचं चाक. म्हातारी माणसं फुकट द्यायला तयार होती, तू प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवलेस. त्याच्या वशिंडाला जी वाकलेली पट्टी आहे ती आपल्याच गाडीची. भंगारवाल्याला त्यात किलो दिसणार, त्याचा धंदाच तो. तुला कधीपासून किलो दिसायला लागले?

मला कळलं ते तुकड्या-तुकड्यानं कळलं. जागामालकानं भाडं वाढवलं. वरच्या मजल्यावरच्यांनी ठोकाठोकीची तक्रार केली. ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून कुणीतरी सोसायटीत अर्ज दिला. हे सगळं सहा महिने चाललं होतं आणि तू दिवाळीला इथं येऊन चकल्या तळत बसलीस, एक अक्षर बोलली नाहीस. आजोबांवर गेलीस. अण्णाही उधारी थकली की रात्री भाता जास्त जोरानं ओढायचे, तोंडानं काही नाही.

जागा सोडायची तर सोड. कसब्यातल्या तांबट आळीत पेशवाईपासून हातोडे वाजत आले, तिथं आवाजाची तक्रार कोण कुणाकडं करणार, सगळेच ठोकणारे. तू शिकत असताना मला एकदा तिकडं नेलं होतंस. एका घरी बंबाला मठार चालली होती, हातोड्याचा एकेक ठसा आधीच्या ठशाला चिकटून बसत होता. मला मात्र कारागिरापेक्षा शेजार लक्षात राहिला. एकाकडं पत्रा, दुसऱ्याकडं झाळकाम, तिसऱ्याकडं कल्हई, कोपऱ्यावर मोडीचं दुकान. आता तिथंही मोजकीच घरं हे काम करतात म्हणे, पण गोष्ट तीच आहे. धातूचं काम एकट्याचं नसतं. तुझ्या आत्ताच्या जागेपासून लेथवाला हाकेच्या अंतरावर आहे, पॉलिशवाला गल्लीत आहे, गॅसची टाकी संपली तर तासात दुसरी येते. इथं वेल्डिंगची कांडी संपली तर जामखेड, आणि जामखेडला मिळाली नाही तर नगर. नवी जागा बघताना आधी या माणसांचे पत्ते काढ, मग भाड्याचं विचार.

किल्ल्यापाशी गॅलरी काढायचं खूळ तुझ्या डोक्यात आहे का? खरं सांग. 2021 च्या दसऱ्याला तिथं 74 मीटरचा भगवा ध्वज उभा राहिला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गाड्या येतात, हे खरं. लोक ध्वजाखाली फोटो काढतात, पोरं तटावर चढतात, उसाचा रस पितात आणि जातात. त्यातला एखादा तुझ्या तांब्याच्या मोरापुढं थांबेलही. किंमत विचारेल, हसेल आणि दुसरा रस मागेल. रागावू नकोस, मी इथं रोज बघते.

आणि शेड टाकलीस तरी वीज? शेताच्या लायनीची थ्री-फेज पाळीनं येते, आज दिवसा, उद्या रात्री. रात्री दोनला उठून ग्राइंडर चालवणार का? कारखान्याचा जोड वेगळा घ्यावा लागेल, रान एनए करायचे हेलपाटे मी आपल्या दादाला घालताना पाहिलेत. इथला वारा तुला ठाऊक आहे. धुळीसाठी दारं बंद करून पितळ वितळवशील, आणि पितळातलं जस्त 907 अंशांनाच उकळायला लागतं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. अण्णांना ओतकामाच्या दिवशी हमखास यायचा. आई दूध पाजायची आणि आम्हाला वाटायचं दुधानं उतरला. तो आपोआप उतरत असावा. तुझ्या शेडला समोरासमोर खिडक्या ठेव, एवढं माझं ऐक.

गावावर जीव आहे म्हणून गावातच भट्टी घालावी असं थोडंच आहे. शिल्पकार राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे. अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलं, मग दिल्लीला सरकारी नोकरी, तीही सोडली आणि पुढं नोएडाला स्टुडिओ थाटला. गोंदूर त्यांच्या मनातून गेलं असेल असं मला वाटत नाही, पण ओतकाम जिथं होतं, गिऱ्हाईक जिथं येतं, तिथं ते राहिले. करमरकरांचं बघ. पुण्याचा 1928 चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी केला ते. घर अलिबागेजवळ सासवण्याला, समुद्राकाठी. पण एवढा पुतळा एकसंध ओतायचा तर माझगावच्या गोदीत जावं लागलं. सासवण्याच्या घरात त्यांची शिल्पं आजही मांडलेली आहेत, लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात. मला यात तुझ्यासाठी काहीतरी दिसतं. काम एकीकडं असावं, मांडणी दुसरीकडं असली तरी चालते. दोन्ही एकाच टेम्पोत घालून एकाच दिवशी हलवायची घाई कशाला? गॅलरीचा करार वर्षभर तरी ओढ, अर्धी खोली दुसऱ्या कुणाला दे, आणि भट्टी आधी हलव. तुझी गिऱ्हाइकं त्या पत्त्यावर येतात. एकदा पत्ता हरवला की माणसं पुन्हा शोधत येत नाहीत.

आपल्या किल्ल्याची गोष्ट तुला लहानपणी मीच सांगितली होती. 1795 च्या मार्चमध्ये निजाम एवढा मोठा लवाजमा घेऊन आला आणि लढाई फिरली तशी रातोरात खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. मराठ्यांनी बाहेरून कोंडला. शेवटी तह. घाबरून रातोरात जागा बदलणाऱ्याचं काय होतं ते आपल्या तटाला विचार.

दुसरी गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली होती. मुलूख मैदान तोफ विजापूरची म्हणून ओळखतात, पण ती आपल्या नगरला ओतलेली आहे, 1549 साली. महंमद बिन हसन रूमी नावाच्या माणसानं ओतली आणि तिच्यावर आपलं नाव कोरून ठेवलं. तोंडाशी सिंहाचा जबडा, जबड्यात हत्ती. वजन 55 टनांच्या घरात. नगरहून ती परांड्याला गेली. परांडा म्हणजे आपल्याकडून भूमवरून एसटीनं सकाळी निघावं आणि दिवे लागायला परत यावं इतकं जवळ. तिथून 1632 मध्ये बैल आणि हत्ती जुंपून विजापूरला. तिची जोडीची तोफ या ओढाताणीत नदीत बुडाली असं सांगतात. तेव्हा हलवाहलवीत काय काय जातं ते बघ. पण मला खरा धसका पुढच्या भागाचा आहे. 1854 साली इंग्रजांनी विजापुरातल्या निरुपयोगी सामानाचा लिलाव मांडला, त्यात ही तोफ 150 रुपयांना गेली. रूमीचं नाव, सिंह, हत्ती, सगळं मिळून दीडशे. कुणा अधिकाऱ्याला ते बरं वाटलं नाही म्हणून लिलाव रद्द झाला, नाहीतर आज तिची हंडी-कळशी झाली असती.

तुझ्या बैलाचा लिलाव रद्द करायला तिथं कोण होतं?

हे मी रागानं लिहिते आहे असं तुला वाटेल. थोडा राग आहेच. पण यात माझंही काही अडकलेलं आहे. अण्णांचे अडकित्ते तू पाहिले नाहीस. तू जन्मायच्या आत ते गेले. पितळी अंग, पोलादी पातं, बिजागरीच्या खिळ्यावर पोपट बसलेला. एक घोडेस्वाराचा होता, दाबला की घोडा मान खाली घालायचा. मी नगरला ए.टी.डी. करत होते, फळं आणि घागरी मांडून छायाप्रकाश काढत होते. त्या काळी घराघरातून तांब्या-पितळेची भांडी मोडीत जात होती आणि स्टीलचे डबे येत होते. सुट्टीत घरी आले तर फडताळात स्टीलचे सात डबे चकाकत होते, उतरंडीसारखे. अडकित्ते मोडीत गेले होते. अण्णांनी स्वतः घातले. "पान खाणारी माणसं राहिली नाहीत," म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. मी त्यातल्या एकाचंही चित्र काढून ठेवलं नव्हतं. पुढं आयुष्यभर पोरांना वस्तुचित्र शिकवलं, शेकडो एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली, पण त्या घोड्याची मान नेमकी कशी वळायची हे मला आज कागदावर आणता येत नाही. पुण्याला केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढं मी दर वेळी का रेंगाळते हे तू मला एकदा विचारलं होतंस. दिनकर केळकर गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमवायचे. वाटतं, एखादा तरी त्यांच्या हाती लागला असेल. अजून सापडला नाही.

तेव्हा बैलावर एवढं का घसरते, ते आता कळलं असेल.

आणि हेही लिहिते. विकला असलास तर विकलास. पावतीवर दुकानाचं नाव असेल, लगेच जाऊन बघ, भंगारवाले मोठं काम लगेच कापत नाहीत, गॅस कटर लावायलाही खर्च येतो. दुप्पट मागितले तरी दे, पैसे मी पाठवते. पेन्शन कुठं जाते माझी? डाळ-तांदूळ आणि डॉक्टर. तुला भाड्याचा खोळंबा असेल तर तेही सांग, आईला कळू द्यायचं नाही. आणि कदाचित तू काट्यावर गाडीचं वजन फक्त भाडं ठरवायला केलं असशील. टेम्पोवाल्यानं पावती पाहिली, सौदा पाहिला नाही. काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःला हेच समजावत होते. तसं असेल तर हे सगळं पत्र माघारी घेते, फक्त खिडक्यांचं तेवढं ठेव.

सामान हलवताना दोन गोष्टी. गंधकाच्या पाण्यानं तांब्यावर तू जो काळा रंग चढवतेस तो घामाच्या हातानं उतरतो, हमालांना हातमोजे दे. आणि नव्या सिमेंटच्या ओल्या भिंतीला लोखंड टेकवू नकोस. विमा आहे का? नगरला शिल्पकार प्रमोद कांबळ्यांचा स्टुडिओ आगीत गेला तेव्हा मी वर्तमानपत्र पुढं ठेवून कितीतरी वेळ बसले होते. पहिल्यांदा तुझ्या गॅस टाक्याच आठवल्या. तू चूल पेटवताना माचीस धरायचीस ती पद्धतही आठवली, बोटं जळेपर्यंत. अजून तशीच धरतेस?

जी कामं पुण्यात ठेवायला जागा नसेल ती इकडं पाठव. माझी पुढची खोली आता मोकळीच असते. पोरं शिकवणीला येत नाहीत, कपाट मी माजघरात सरकवून घेईन. शेजारच्या पोराकडून दार मोजून घेतलं. रुंदी साडेतीन फूट भरली, उंची सहा फूट एक इंच, उंबरा काढता येईल. बैल शिंगांसकट किती रुंद आहे ते लगेच कळव. नाही बसला तर ओसरीचे दोन खांब काढायला सुताराला सांगून ठेवते, तो पाडव्यापासून रिकामा आहे. आणि येताना दोन दिवस राहायला ये. तू आलीस की शेंगोळे करते, एकटीला करायचा कंटाळा येतो.

तुझी,
आत्या