एक डॉक, दहा लॅपटॉप

आमचं सीए ऑफिस अमरावतीला, शाखा अकोल्यात. आर्टिकलशिपची मुलं आपापले लॅपटॉप घेऊन येतात आणि जागा मिळेल तिथे बसतात. म्हणून दोन्हीकडच्या टेबलांवर डॉक आणले. मॉनिटर, प्रिंटर, नेटची वायर कायमची डॉकला. लॅपटॉपला फक्त एक टाइप-सी केबल. ही सगळी व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे जे कळलं ते असं :

१. खोक्यावर १०० वॅट छापलेत म्हणून लॅपटॉपला १०० मिळत नाहीत. डॉक आपल्यापुरते आणि त्याला लावलेल्या हार्ड डिस्कपुरते वॅट आधी काढून ठेवतो, उरतात ८५-९०. विचारायचं ते ‘लॅपटॉपला किती?’

२. मोठ्या डॉकने लहान लॅपटॉप जळत नाही. ही भीती पालकांना फार! केबल लावली की सुरुवातीला ५ व्होल्टच येतात. मग डॉक ५, ९, १५, २० व्होल्ट असे भाव सांगतो आणि लॅपटॉप त्यातला आपल्याला झेपेल तो घेतो. अडचण उलट बाजूला आहे. १३० वॅटची भूक असलेला लॅपटॉप ६० वॅटच्या डॉकला लावला की चार्जिंगची खूण दिसते, पण काम वाढलं की बॅटरी उतरते. ‘‘काहून सर, वायर लागली आहे अन् बॅटरी कमी होऊन राहिली?’’ ऑडिटच्या दिवसांत हा प्रश्न ठरलेला.

३. संशय आधी केबलवर घ्या. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची. २० व्होल्टवर तिचे ६० वॅटच होतात. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. चिप दिसली नाही तर डॉक कितीही दमदार असो, ६० च्या वर जात नाही. मोबाइलच्या डब्यातल्या केबलची आणखी एक गंमत : चार्जिंग होतं, मॉनिटर मात्र काळाच, कारण चित्र वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात बहुधा नसतातच. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून आमच्याकडे ५ अँपिअरच्या केबलला दोन्ही टोकांना लाल टेप असते. २०२१ पासून टाइप-सीच्या नियमात मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली आहे. नवी केबल घेताना तिच्यावर तो आकडा शोधा.

४. टाइप-सीचं छिद्र आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये ते नुसतं डेटाचं असू शकतं, चार्जिंग गोल पिनेनेच. काही डॉक घरच्या लेकराला जास्त वाढतात : डेलचा डब्ल्यूडी१९, १८० वॅटच्या अडॅप्टरवर, डेलच्या लॅपटॉपला १३० वॅटपर्यंत देतो, परक्याला ९०.

५. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, डॉक मरतो. मॉनिटर, नेट, बाहेरची डिस्क, सगळं एकाच क्षणी तुटतं, आणि डिस्कवर बॅकअप चालू असेल तर फाइल अर्धवट राहते. त्यामुळे लॅपटॉपचा नव्हे, डॉकचा अडॅप्टर यूपीएसवर हवा. घाईत केबल उपटणाऱ्यांनाही हेच सांगतो : आधी डिस्क ‘इजेक्ट’ करा.

६. अकोल्याचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेला की बॅटरी तापते आणि लॅपटॉप स्वतःच चार्जिंग मंद करतो. दोष डॉकचा नसतो. अडॅप्टर फायलींच्या मागे कोंबू नका. कूलरसमोर डॉक ठेवायचा मोह होतो, पण तिथे हवा दमट आणि कधी तुषारही उडतात. पंख्याखाली ठेवा.

७. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी सॉकेट तपासा. जुन्या इमारतींत तीन भोकं असतात, अर्थिंगची तार मात्र कधीकधी जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियन बोलवा.

८. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं आहे. त्यामुळे इथेही गोल पिना कमी होतील असं मला वाटतं. तोवर कोणी नवा लॅपटॉप घेताना सल्ला मागितला, तर रॅम आणि प्रोसेसरच्या आधी मी त्या छिद्रातून चार्जिंग होतं का, ते विचारायला लावतो.