बागेचे संकेतस्थळ शोधात दिसावे म्हणून

चि. पुतण्यास,

देवगडच्या बागेतील हापूस दलालाविना थेट ग्राहकाच्या घरी जावा म्हणून जे संकेतस्थळ उभे केले आहे, ते गूगलच्या निकालांत पहिल्या पानावर यावे ही इच्छा रास्तच आहे; मात्र ‘पहिला क्रमांक हमखास’ असे सांगणाऱ्या एखाद्या एजन्सीच्या हाती पैसे देण्यापूर्वी शोधयंत्राचे काम कसे चालते हे चिरंजीवाने स्वतः समजून घ्यावे. असा क्रमांक खात्रीने मिळवून देणे कोणालाही शक्य नाही, हे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांनी होते. पहिल्या टप्प्यात क्रॉलर, म्हणजे एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहणारा प्रोग्राम, पान वाचून नेतो. दुसऱ्या टप्प्यात त्या पानातील मजकूर इंडेक्समध्ये, म्हणजे कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची नोंद ठेवणाऱ्या प्रचंड सूचीत दाखल होतो. आणि तिसऱ्या टप्प्यात, कोणी काही विचारले की त्या सूचीतील कोणते पान आधी दाखवायचे याचा निर्णय होतो. क्रमांकाची सगळी चर्चा या तिसऱ्या टप्प्याविषयी असते, पण घरगुती व्यवसायांची पुष्कळशी संकेतस्थळे पहिल्या दोन टप्प्यांतच अडकलेली असतात. संकेतस्थळ बांधत असताना ते कोणाला दिसू नये म्हणून डेव्हलपरने ‘नोइंडेक्स’ ही सूचना घातलेली असते आणि पुढे ती काढायची राहून जाते, किंवा रोबोट्स.टीएक्सटी या फाइलमध्ये क्रॉलरला सगळीकडेच मज्जाव केलेला असतो. म्हणून गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य साधनात संकेतस्थळाची नोंद करून, कोणती पाने सूचीत गेली, कोणती गेली नाहीत आणि का, हे आधी पाहावे. त्याच ठिकाणी साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, द्यावी. हे काम एका दुपारचे आहे आणि त्यासाठी कोणालाही पैसे मोजावे लागत नाहीत.

मराठी संकेतस्थळाची खरी अडचण निराळी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. यंत्राला वाचता येतो तो युनिकोडमधील मजकूर. युनिकोड ही जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारी व्यवस्था असून देवनागरीचा तिच्यात 1991 पासून समावेश आहे. परंतु छापखान्यांतून अजूनही वापरात असलेले जुने फाँट देवनागरी अक्षराचे केवळ चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवतात, त्यामुळे तसा मजकूर पानावर उतरवला तर माणसाला तो मराठी दिसत असूनही यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रांग मिळते. दरपत्रकाचेही तसेच. आकारानुसार डझनाचा भाव, पेटीचा भाव, पाठवणीचा खर्च हे सगळे एका रंगीत पोस्टरमध्ये बसवून ते चित्र पानावर टाकले की व्हॉट्सॅपवर पाठवायला ते सोयीचे होते, पण ज्या ओळी ग्राहक शोधत असतो त्याच ओळी यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारख्या होतात. पोस्टर हवे असेल तर जरूर ठेवावे, परंतु त्यातील प्रत्येक भाव खाली साध्या तक्त्यात टाइप करून द्यावा, आणि चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे हे सांगणारे एक वाक्य, जोडावे; दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडरही हेच वाक्य वाचून दाखवते, ही गोष्ट क्रमांकापेक्षाही मोलाची आहे.

त्यानंतरचा प्रश्न ग्राहक शोधपेटीत काय लिहितो हा. मराठी ग्राहक देवनागरीत विचारतो तसाच रोमन अक्षरांतही विचारतो, आणि मराठीत शब्दाला विभक्ती लागली की त्याचे रूप पालटते, ‘आंबा’चे ‘आंब्याची’, ‘आंब्यांना’ असे होते. शिवाय ‘हापूस’ कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ. शोधयंत्रे ही रूपे आता बरीच जुळवून घेतात, त्यामुळे एकाच परिच्छेदात ‘हापूस’ शब्द दहा वेळा कोंबण्याची काही गरज उरलेली नाही आणि तसे केल्यास ते स्पॅम ठरते. पानाच्या कोडमध्ये दडवलेल्या कीवर्ड टॅगचा क्रमांकासाठी उपयोग केला जात नाही, असे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे. तो टॅग भरण्यासाठी आजही पैसे मागणारा मनुष्य भेटला तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. महत्त्व आहे ते शीर्षकाच्या टॅगला, म्हणजे निकालांत निळ्या अक्षरांत दिसणाऱ्या ओळीला. ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘आपले स्वागत आहे’ असे शीर्षक कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नसते. ‘देवगड हापूसची 5 डझनाची पेटी, बागेतून थेट पुण्यात’ हे शीर्षक तशी पेटी हव्या असलेल्या माणसाशी सरळ बोलते.

पानाचा पत्ता कोणत्या लिपीत ठेवावा याविषयीही चिरंजीवाच्या मनात घोळ असेल. ‘आंबा’ हा शब्द संगणकात आ, अनुस्वार, ब आणि काना अशा 4 चिन्हांचा असतो, यूटीएफ-8 पद्धतीत त्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह 3 अक्षरांनी लिहिला जातो. परिणामी पत्ता कॉपी करून कोणाला पाठवला की एवढ्याशा शब्दाच्या जागी 36 अक्षरांची न वाचता येणारी ओळ उमटू शकते. गूगलला दोन्ही प्रकार चालतात, तेव्हा पत्ता रोमन अक्षरांत छोटा ठेवावा आणि शीर्षक व मजकूर मात्र निःसंकोचपणे मराठीत लिहावा.

इतके झाल्यावर उरते ती मुख्य गोष्ट, आणि तिला तंत्राची पळवाट नाही: पानावर सांगण्यासारखे काही असले पाहिजे. ‘अस्सल’, ‘सर्वोत्तम’, ‘चवीला अप्रतिम’ ही विशेषणे प्रत्येक विक्रेत्याच्या पानावर आहेत, त्यामुळे यंत्रालाही त्यातून एक पान दुसऱ्याहून वेगळे काढता येत नाही. बागायतदाराच्या घरात मात्र असे ज्ञान असते की ज्यासाठी लोक खरोखर शोध घेतात. कच्चा आंबा घरी आल्यावर भाताच्या पेंढ्यात अढी कशी घालावी, फळांचे किती थर असावेत, पिकले हे वासावरून आणि देठाजवळच्या भागावरून कसे ओळखावे, यावर एक स्वतंत्र पान लिहावे. साका, म्हणजे बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसचा गर आतून पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट होणे, यावर दुसरे पान लिहावे. तो दोष बाहेरून दिसत नाही हे ग्राहकाला प्रामाणिकपणे सांगावे, तसे फळ निघाल्यास बाग काय भरपाई देते हेही तेथेच लिहावे, आणि हा दोष टाळण्यासाठी नीलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात ‘रत्ना’ ही जात तयार झाली, हा इतिहासही द्यावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या नोंदणीचा अर्थ काय, बागेची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तिचा क्रमांक कोणता, आणि परप्रांतीचा आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत भरला जातो तो कसा ओळखावा, हे लिहिण्याचा अधिकार बागेत वाढलेल्या माणसाइतका दुसऱ्या कोणाला आहे? आपल्या दोषाविषयी मोकळेपणी लिहिलेले पान धंद्याला मारक ठरेल अशी भीती घरातली वडीलधारी मंडळी घालतील, पण ती भीती चुकीची आहे. साक्याविषयी विचारणारा ग्राहक मुळातच पारखून विकत घेणारा असतो आणि खरे उत्तर देणाऱ्याकडेच तो पुन्हा येतो.

दुसऱ्या संकेतस्थळांनी आपल्याकडे दिलेले दुवे हा क्रमांकाचा जुना आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी जी पद्धत विकसित केली आणि जिच्या बळावर 1998 मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली, तिचा पायाच असा की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे शिफारस, आणि ज्याच्या स्वतःच्या शिफारशी भक्कम त्याच्या शिफारशीला वजन अधिक. शिफारशीला किंमत आली की तिचा बाजारही भरतो, तसा तो भरला. दुवे घाऊक विकले जाऊ लागले, आणि 2012 मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणून अशा दुव्यांवर उभ्या राहिलेल्या पानांना खाली ढकलले. मोठ्या नावांनाही सूट मिळालेली नाही: 2006 मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ, यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरेच दाखवल्याबद्दल, काही काळ गूगलच्या सूचीतूनच काढून टाकले गेले होते. बीएमडब्ल्यूचे ग्राहक त्यामुळे तुटले नाहीत. ज्या बागेची वर्षाची विक्री दोन-अडीच महिन्यांत होते तिचे मात्र त्या काळात नाव गेले तर पूर्ण वर्ष जाईल. दुवे हवेत तर ते ओळखीतून, कामातून यावेत: ज्या गृहनिर्माण संस्थेत दरवर्षी पेट्या उतरतात तिच्या संकेतस्थळावर, ज्या परगावच्या महाराष्ट्र मंडळाने आंबा महोत्सव भरवला त्याच्या वृत्तान्तात, तालुक्यातील पर्यटनाच्या पानावर.

पान उघडण्याच्या वेगाविषयी थोडक्यात एवढेच की पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असे गूगलचे माप आहे, आणि बागेची मोबाइलवर काढलेली भलीमोठी छायाचित्रे आकार कमी न करता चढवली तर ते माप हमखास चुकते.

या सर्व कामाचे फळ दिसायला वेळ लागतो. चार महिने ते एक वर्ष इतका अवधी गृहीत धरावा, असे गूगलच्या प्रतिनिधींनीच सांगितलेले आहे. देवगडचा हंगाम साधारण मार्चमध्ये भरात येऊ लागतो. तेव्हा मोहोर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा चिरंजीवाने यंदा गणपती झाले की लगेच अढीचे आणि साक्याचे अशी दोन पाने लिहायला घ्यावीत, आणि ती लिहिताना बागेतल्या जुन्या गड्यांना शेजारी बसवावे.



काका