वामनदादांची शाळा : दुकानांच्या पाट्या

(या महिन्याचा अभ्यास पाठ. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटच्या प्रश्नांवर सगळ्यांनी बोलावं.)



गेल्या महिन्यात एका गटाची बैठक उरकून निघाले, तर एका मावशींनी मला थांबवलं. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून म्हणाल्या, "मॅडम, एवढं जरा वाचून सांगता का?" कागद कर्जाचा होता, एका खासगी कंपनीचा. मंजूर रकमेपेक्षा हातात कमी पैसे पडले होते, म्हणून त्या काळजीत होत्या. कागदावर स्पष्ट छापलं होतं की विम्याचा हप्ता आधीच कापला आहे. आणि खाली मावशींची सही होती, अगदी वळणदार. मी विचारलं, "सही करताना हे वाचलं नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "सही येती की मला. वाचाय कुठं येतंय?"

आपण अंगठा सोडून सहीवर आलो, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक किती? त्या दिवशी घरी जाताना मला लोककवी वामनदादा कर्डक आठवले. म्हणून हा पाठ त्यांच्यावर.

कोण होते वामनदादा?

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. घरी गरिबी, आणि त्या काळची अस्पृश्यता. शाळा काही वाट्याला आली नाही. पुढे आईबरोबर ते मुंबईला गेले. तिथे पोटासाठी मिळेल ते काम केलं आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत समता सैनिक दलाचं काम ते हौसेनं करायचे. अंगानं धडधाकट, चळवळीत पुढे, त्यामुळे चाळीत त्यांना मान होता.

एक दिवस चाळीतल्या एका माणसानं त्यांच्या हातात पत्र दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. त्याला वाटलं, एवढा पुढारीपण करणारा माणूस, याला वाचता येतच असणार. वामनदादांना एक अक्षर येत नव्हतं. त्यांना रडू आलं.

तायांनो, इथे जरा थांबूया. अशी वेळ आपल्यावर आली की आपण काय करतो? "चष्मा घरी राहिला," म्हणतो. किंवा कागद पोराच्या हातात देतो. वामनदादांनी लाज लपवली नाही. त्यांनी देहलवी मास्तरांना गाठलं आणि त्यांच्याकडून बाराखडी शिकून घेतली. मग सराव कुठे करायचा? मुंबईच्या रस्त्यावर! दुकानांच्या पाट्या बघत, अक्षराला अक्षर जोडत ते वाचायला शिकले. तीच त्यांची शाळा.

अक्षरापासून गाण्यापर्यंत

१९४३ च्या मे महिन्यात त्यांनी पहिलं गाणं रचलं. तेव्हा त्यांचं वय होतं २० वर्षं. एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर त्यांनी आपले शब्द बसवले होते. तिथून सुरू झालेलं लिहिणं आयुष्यभर थांबलं नाही. त्यांच्या गाण्यांची संख्या हजारांत मोजतात. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले, सिनेमासाठीही त्यांनी गाणी लिहिली. पण त्यांचं खरं ठिकाण म्हणजे गावातली, वस्तीतली रात्रीची गाण्याची बैठक. पेटी, ढोलकी, पुढे अंथरुणं टाकून बसलेली माणसं, आईच्या मांडीवर पोरं. बाबासाहेबांनी इंग्रजीत जाड पुस्तकं लिहिली. ती ज्यांना वाचता येणं शक्य नव्हतं, त्यांच्यापर्यंत त्यांचा विचार अशा गाण्यांतून पोचला.

हे कसं जमलं, ते नीट बघा. चाल ओळखीची, म्हणून लगेच ओठावर बसते. शब्द रोजच्या बोलण्यातले, म्हणून अर्थ विचारावा लागत नाही. धृपद पुन्हा पुन्हा येतं, म्हणून ऐकणारे आपोआप गायला लागतात. गाण्यात भूक, मजुरी, शिक्षण, माणुसकी. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, असं एका गाण्यात त्यांनी मोठमोठ्या भांडवलदारांची नावं घेऊन विचारलंय. म्हणजे हिशोबच मागितला! आपणही गटात हिशोबच मागतो ना?

१५ मे २००४ ला वामनदादा गेले. काही गावांत त्यांचं नाव फक्त एकाच वस्तीत माहीत असतं, हे मी फिरताना पाहिलंय. आपल्या गटांत सगळ्या वस्त्यांमधल्या बाया एकत्र बसतात. तर हे नावही सगळ्यांचं होऊ द्या.

आपण काय करायचं?

१. रोज एक पाटी. एसटीची, रेशन दुकानाची, दवाखान्याची. अक्षरं जोडून वाचायची. चुकलं तर चुकलं.

२. पासबुक आपलं, वाचणारी आपण. सुरुवातीला तीनच शब्द ओळखा : जमा, नावे, शिल्लक.

३. गटात ठराव घ्या : कोणताही कागद मोठ्याने वाचून ऐकल्याशिवाय कुणी सही करणार नाही. रक्कम, व्याज, कपात, हप्ता या चार गोष्टी विचारायच्याच. समोरचा घाई करत असेल तर उद्या या म्हणायचं.

४. हाच ठराव गाण्यात घाला. जात्यावरची ओवी लिहिता न येणाऱ्या बायांनीच रचली आहे, तेव्हा "आम्हाला कुठं जमतंय" हे म्हणू नका. ओळखीची चाल घ्या, चार ओळी जोडा आणि प्रभागसंघाच्या सभेत म्हणून दाखवा.

चर्चेसाठी प्रश्न

- आपल्या गटात सही येते पण वाचता येत नाही, अशा किती जणी आहेत? त्यांना शिकवायला कोण पुढे येईल?
- न वाचता सही केल्यामुळे कुणाला त्रास झाला आहे का? त्या वेळी कुणाला विचारता आलं असतं?
- वामनदादांना रडू आलं, तरी त्यांनी शिकवणारा शोधला. आपल्याला विचारायची लाज कुणापुढे वाटते आणि का?

जाता जाता मावशींचं सांगते. कापलेल्या पैशाबद्दल आम्ही लेखी अर्ज दिलाय, उत्तर अजून यायचंय. पण परवा त्या मला स्टँडवर भेटल्या. एसटीची पाटी वाचत होत्या. गावाचं नाव अर्धंच लागलं, पण गाडी बरोबर पकडली.

तुमची,
क्षेत्र समन्वयक