वीरगळ : उठावाच्या शिल्पाचा गावातला पाठ

शिल्पकलेचा विषय निघाला की आपण विद्यार्थ्यांस वेरूळची चित्रे दाखवितो आणि पाठ आटोपतो. वेरूळ पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. परंतु आष्टी तालुक्यातील मुलाला त्यासाठी सहलीची वाट पाहावी लागते. वीरगळांचे तसे नाही. मराठवाड्यात मारुतीच्या पाराशी, वेशीजवळ किंवा महादेवाच्या जुन्या देवळाच्या आवारात, एकावर एक चौकटी कोरलेला काळा दगड उभा किंवा आडवा पडलेला आढळतो. लढाईत किंवा गुरांचे रक्षण करताना पडलेल्या वीराचे ते स्मारक होय.

प्रथम शिल्पाचे भेद स्पष्ट करावेत. देवळापुढील नंदी चोहोबाजूंनी फिरून पाहता येतो. ते पूर्ण शिल्प. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आकारास आले. तेथील कैलास हालविणारा रावण पाठीमागच्या दगडापासून जवळजवळ सुटा झालेला दिसतो. तो अधिक उठाव. वीरगळावरील आकृती दगडातून थोडीशीच वर आलेली असते. हा कमी उठाव. रुपयाचे नाणे याच जातीचे. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावयास लावली की ही गोष्ट पहिलीतल्या मुलासही कळते.

आकृती दगडावर चिकटविलेली आहे, असा मुलांचा हटकून समज होतो. वस्तुतः पाथरवट दगडाचे तोंड सपाट करतो, त्यावर रेखाटन करतो आणि टाकीने भोवतालचा दगड काढून टाकतो. आकृती जागच्या जागीच राहते, जमीन खाली जाते. बैलपोळ्याला आपली मुले मातीचे बैल करतातच. आता त्यांना दोन बोटे जाडीची ओल्या मातीची पाटी द्यावी, तीवर काडीने बैल काढावयास सांगावे, आणि नियम एकच घालावा : माती लावावयाची नाही, फक्त काढावयाची. खोली अर्ध्या बोटाहून अधिक नको. बैल समोरून काढणारा मुलगा लगेच अडतो, कारण शिंगे आणि मुस्कट पुढे आणण्यास जागाच नसते. बाजूने काढणाऱ्याचे साधते. वीरगळावरील घोडे व माणसे बहुधा बाजूने का दाखविलेली असतात, याचे उत्तर मुलांना स्वतःच्या हातून मिळते. ते शिक्षकाने आधी सांगून टाकू नये.

वीरगळ सामान्यतः खालून वर वाचावा. तळाच्या चौकटीत वीर पडलेला असतो किंवा लढाई चालू असते. कोठे गुरांची रांगही दिसते. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरलेली आहे. मधल्या चौकटीत अप्सरा वीरास स्वर्गी नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. कोपरात दुमडलेला, बांगड्या ल्यालेला हात उभा कोरलेला असेल, तर तो सतीचा दगड. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. गावात एखादे नाव सांगतात ते लिहून घ्यावे, पण इतिहास म्हणून फळ्यावर लिहू नये.

कमी उठावाचे सारे बळ सावलीत आहे. ऊन थेट समोरून पडले तर कोरीव काम पुसल्यासारखे दिसते. कडेने पडले की दोऱ्याएवढी कडाही उमटते. दगडाचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते पाहून वेळ ठरवावी. ऊन सोयीचे नसेल तर आरशाने कवडसा कडेकडून टाकावा. अक्षरे वा आकृती स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू भरण्याची, तेल चोळण्याची सवय आपल्याच मंडळींत आहे. ती सोडली पाहिजे.

येथेच खरी काळजी आहे. शेंदराचे थर आणि अलीकडचा तैलरंग उठाव बुजवितात. अर्ध्या बोटाच्या खोलीत तीन-चार थर बसले की वीराचे तोंड, अप्सरेचा हात, गुरांची शिंगे सर्व एक होतात. हा रंग श्रद्धेनेच लावलेला असतो, म्हणून गावकऱ्यांशी वाद घालू नये. वाळलेला रंग खरवडण्याचा उद्योग तर मुळीच करू नये, कारण रंगाबरोबर कोरीव कडही निघते. जीर्णोद्धाराच्या वेळी जुने दगड पायात किंवा ओट्यात घातले जातात, तेव्हा मात्र मुख्याध्यापकांनी सरपंचांस वेळीच भेटावे.

पाठानंतर मुलांकडून प्रत्येक दगडाची नोंद करून घ्यावी : जागा, तोंडाची दिशा, उंची व रुंदी, चौकटींची संख्या, प्रत्येक चौकटीत काय दिसते आणि काय दिसेनासे झाले आहे. कडेच्या उजेडातील एक छायाचित्र सोबत जोडावे. नोंदीची एक प्रत शाळेत ठेवावी, दुसरी ग्रामपंचायतीत द्यावी.