राज्य नको म्हणण्याआधी

धरमपेठ, नागपूर

चि. बाळ यास,


तू आता कोणतंच सरकार मानत नाहीस, तुला राज्यही नको आणि वर्गही नकोत, असं ताईने फोनवर घाबरून सांगितलं. मी काही घाबरलो नाही. हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. इथून सत्तरेक किलोमीटरवर पवनारला राहणारे विनोबा जन्मभर शासनमुक्त समाजाचीच मांडणी करत होते.

पण याच नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांची दीक्षाभूमीही आहे. राज्य विरून गेल्यावर त्याच्या जागी काय येणार, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात साम्यवाद्यांना विचारला आहे. आधी त्याचं उत्तर शोध. सरकार उठलं म्हणून गादी रिकामी राहत नाही. तिच्यावर सावकार बसतो, नाहीतर जात बसते. गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला ठाणेदार कितीही वाईट असला, तरी तक्रार करायला तेवढीच एक जागा असते. १९४८ साली घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं आगर म्हटलं, ते उगाच नाही.

सुट्टीत गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा पाहून ये. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं लहानसं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. ज्येष्ठ कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या या गावात बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. हात वर करून चुटकीसरशी मिटला असता असा विषय सभांमागून सभा चालतो. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ साली तर गावाने ग्रामदान करून आपापली जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. तुला हवा तो समाज याहून वेगळा काय असणार?

आता एक गोष्ट ध्यानात घे. जंगल मिळालं ते संसदेच्या २००६ च्या वनहक्क कायद्याने, आणि ग्रामदान झालं ते राज्याच्या १९६४ च्या कायद्याखाली. ज्या सरकारला गाव बाजूला सारतं, त्याच्याच कायद्यावर ते उभं आहे. म्हणून राज्य मोडायची घाई करू नकोस. त्याच्यावाचून अडणार नाही अशी माणसं आधी तयार व्हायला हवीत.

सुरुवात होस्टेलच्या मेसपासून कर. भाजी कोणती, पैसे किती, हे सगळ्यांनी बसून ठरवा. भांडी घासणाऱ्या बाईंनाही त्या बैठकीत खुर्ची द्या, आणि त्या नाही म्हणाल्या तर ठराव पुढे ढकला. वर्षभर हे जमलं, तर राज्य नको म्हणायचा अधिकार तुला आहे.

तोवर मतदार यादीत नाव नोंदव.

तुझा,
मामा