विजेच्या मनोऱ्याचा मोबदला

शेतातून विजेची तार जावयाची म्हटली की गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वीज सर्वांसच पाहिजे; दुसरा म्हणतो, मग मनोरा माझ्याच शेतात का? दोघांचेही म्हणणे खरे आहे. यांचा मेळ घालावयाचा तर मोबदला पुरता, वेळेवर व उघडपणे मिळाला पाहिजे.

मुळशीचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. तेथे टाटांच्या धरणासाठी जमिनी रीतसर संपादन होण्यापूर्वीच कामास हात घातला गेला, आणि सन १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. धरण झाले, वीजही झाली. परंतु खोऱ्याची संमती काही मिळाली नाही. आधी कुदळ व मागाहून पैसा, हा क्रमच मुळात चुकीचा होय.

मनोऱ्याची गोष्ट धरणाहून निराळी आहे. येथे जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कंपनीस केवळ वापराचा हक्क मिळतो. सन १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार सन २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ अन्वये वाहिनी घालणाऱ्या संस्थेस देता येतात. असे अधिकार मिळाल्यावर मालकाची पूर्वसंमती लागत नाही. मात्र नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावीच लागते. रकमेविषयी तंटा पडल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने १४ जून २०२४ रोजी ६६ किलोव्होल्ट व त्यावरील वाहिन्यांकरिता मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मनोऱ्याच्या पायाच्या जागेस जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के व तारांखालील पट्ट्यास ३० टक्के मोबदला सांगितला आहे. चार पायांमधील जागेत प्रत्येक बाजूस १ मीटर वाढवून पाया मोजावयाचा असतो. पिकांची व झाडांची भरपाई याहून वेगळी. ही तत्त्वे राज्यांनी फेरफारासह स्वीकारावयाची असल्याने आपल्याकडील चालू शासननिर्णय प्रथम पाहावा.

हिशेब उदाहरणाने सांगतो. जमिनीची किंमत आरास २०,००० रुपये धरू. पाय १० मीटर चौरस असल्यास मोजणीची जागा १२ मीटर चौरस, म्हणजे १.४४ आर होते. तिचा मोबदला ५७,६०० रुपये. पाया वगळून तारांखालील पट्टा ७० आर भरल्यास त्याचे ४,२०,००० रुपये. यावरून दिसेल की मोठी रक्कम पट्ट्याची असते. आणि आपले शेतकरी नेमकी तीच मागावयास विसरतात.

आम्ही महसुली कचेरीत कारकुनी केली. एका गावी पीक तुडवले गेल्यावर दोन महिन्यांनी पंचनामा झाला, तेव्हा उभ्या तुरीच्या जागी ‘पड’ लिहिले गेले. दुसऱ्या एकाचा सातबारा मयत वडिलांच्याच नावे असल्याने त्याची रक्कम अडकून राहिली. कागद लिहिणारे आम्हीच होतो. परंतु जे लिहिलेच नाही त्याचा मोबदला आम्हांसही काढून देता येत नव्हता.

म्हणून प्रत्येकाने इतके करावे :

१. वारसनोंद व पीकपाहणी आजच पुरी करावी.
२. मोजणीच्या वेळी जातीने हजर राहून नकाशाची नक्कल घ्यावी.
३. पंचनाम्यात पीक, झाडे, विहीर व पाइपलाइन लिहून घेतल्यावाचून सही करू नये.
४. पाया, पट्टा व पीक यांच्या रकमा वेगवेगळ्या मांडून मागाव्यात.

आणखी एक गोष्ट सर्वांनी मिळून करावयाची आहे. एखाद्या वजनदार खातेदारास गुपचूप जास्त रक्कम देऊन वाहिनी पुढे नेली, तर बांधाला बांध लागून असलेले भाऊबंद जन्माचे वैरी होतात. तार जाते, पण गाव फुटते. तेव्हा दर ग्रामसभेत वाचला जावा, यादी चावडीवर लागावी, आणि रक्कम हाती पडल्यावर खड्डा खणला जावा. असे झाल्यास मनोऱ्यास गाव आडवे येणार नाही, असा आमचा अनुभव आहे.