मोठं काम निघालेली गाडी विकताना

इंजिन, गिअरबॉक्स किंवा टर्बोचं काम निघालं की गाडी लगेच डीलरकडे नेऊ नका. आधी दोन लेखी एस्टिमेट घ्या: एक अधिकृत सर्व्हिस सेंटरचं, एक बाहेरच्या भरवशाच्या गॅरेजचं. ‘खोलून बघावं लागेल’ असं म्हणाले, तर काम न केल्यास खोला-जोडणीची मजुरी किती, हे आधीच विचारा. अनेकांना हा खर्च बिल हातात पडल्यावरच कळतो.

आमच्या दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा टर्बो गेला. चढाला ओढ नाही, मागे निळा धूर. सर्व्हिस सेंटरने ७२ हजार सांगितले. बाहेर रिकंडिशन टर्बो सहा महिन्यांच्या वॉरंटीसह ३१ हजारांत बसत होता. तशीच चालू गाडी तेव्हा २ लाख ६० हजारांना जात होती आणि आमच्या गाडीला आहे तशी १ लाख ९० हजारांची ऑफर होती. फरक ७० हजारांचा. ३१ हजार घालणं परवडलं, ७२ घातले असते तर खिशातून गेले असते. तुम्हीही हीच वजाबाकी करा. काम केलंत तर बिल आणि वॉरंटीचा कागद गाडीच्या फाइलमध्ये ठेवा, त्यालाच किंमत मिळते. इंजिन पूर्ण खोलायचं असेल तर मात्र बहुधा आहे तशीच विकलेली बरी, कारण खोलल्यावर एस्टिमेट वाढतंच.

गॅरेजवाला जाड ऑइल घालून धूर दाबून देतो म्हणेल, स्कॅनरने डॅशबोर्डवरचा दिवा घालवून देतो म्हणेल. नको म्हणा. दिवा काही किलोमीटरांत परत लागतो आणि कोड नुकताच पुसलाय हे खरेदीदाराच्या स्कॅनरलाही दिसतं. दोष सांगा, विक्री करारात लिहा, सही घ्या. नंतर पैसे परत मागायला कोणी दारात आलं, तर हाच कागद कामाला येतो.

डीलरकडे तीन गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्या: गाडी न्यायला आल्यावर भाव कमी करणार का, फाइल चार्ज किती, आणि नाव बदलेपर्यंत किती रक्कम रोखून ठेवणार. रोखलेली रक्कम आणि ती देण्याची तारीख लेखी घ्या. बाकीचे पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. बँकेचा मेसेज पुरेसा नाही, खातं उघडून बघा.

कागद: आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन, फॉर्म २९ आणि ३०, चॅसी नंबरची पेन्सिल प्रिंट. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी; तिची मुदत बहुधा तीन महिने असते, म्हणून ग्राहक ठरल्यावरच काढा. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट आधी बसवा (चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी), नाहीतर आरटीओत नाव बदलण्याचं काम अडतं. थकलेली ई-चलनंही भरून टाका. कारच्या हस्तांतरणाचं सरकारी शुल्क ३०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे. एजंट यापेक्षा बरंच जास्त मागेल, तेव्हा पावती कितीची आणि त्याची फी किती हे वेगवेगळं विचारा.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कितीही घाई असो. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेली हवी. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं विक्रेत्याचं काम आहे. अधिकृत डीलरला गाडी देत असाल तर फॉर्म २९सी परिवहन पोर्टलवर भरून पोच घ्या. गाडी देण्याआधी आरसीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा, करारावर तारखेसोबत वेळही लिहा.

विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. हा बोनस गाडीचा नाही, तुमचा असतो. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यातल्या ओन डॅमेज प्रीमियमवर जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. फास्टॅग बंद करा आणि त्यातली डिपॉझिट व शिल्लक परत मागा.

भंगाराच्या भावाच्या जवळपासच ऑफर येत असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचाही भाव काढा. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये सवलत आहे. साध्या भंगारवाल्याकडे हे प्रमाणपत्र मिळत नाही आणि नोंदणीही तुमच्या नावावर तशीच राहते.